यानात घेतलेली पेटी

‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’ या गेमची गोष्ट एका पेटीपासून सुरू होते. साल २३८५. ‘मेफिस्टोफिलीस’ नावाचे एक छोटे संशोधनयान माणसांच्या वस्तीपासून फार लांब आले आहे. यानावर सगळी मिळून सहा माणसे. बाहेरच्या काळोखात त्यांना धातूची एक पेटी तरंगताना दिसते, कारखान्यात कामगारांच्या कपड्यांसाठी उभे लॉकर असतात तशी. ती आत घेतली जाते. उघडायची की नाही यावर मतभेद होतात, आणि भयकथेच्या रिवाजाप्रमाणे ती उघडली जातेच. यानाचे नाव फाउस्टच्या दंतकथेतल्या सैतानावरून ठेवलेले आहे. ठेवणाऱ्यांना शुभ-अशुभाची फारशी फिकीर नसावी. पुढचे सात दिवस म्हणजे हा गेम. खेळणारा ज्याच्या रूपाने यानात वावरतो तो डॉ. जोनाथन सॉमरसेट, यानावरचा मानसतज्ज्ञ. सहकाऱ्यांचे मन सांभाळणे हेच त्याचे काम असल्यामुळे कोणाशीही बोलायला आणि कोणाच्याही खोलीत डोकवायला त्याला आयते निमित्त मिळते.

हा गेम २००४ साली आला. तो बेन क्रोशॉ या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे काही वर्षे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहिलेल्या तरुणाने केला. तेव्हा तो नुकता विशीत आला होता, आणि ‘याट्झी’ या टोपणनावाने ओळखला जात असे. पुढे २००७ पासून ‘झीरो पंक्चुएशन’ या त्याच्या धडाधड बोलत जाणाऱ्या, गेमची सालटी काढणाऱ्या व्हिडिओ-परीक्षणांनी त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. ‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’ मात्र त्याआधीचा. ना कंपनी, ना कार्यालय, ना जाहिरात. गेम तयार झाला आणि ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा म्हणून ठेवून दिला, किंमत शून्य.

या प्रकाराला ‘पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर’ म्हणतात. बंदुका चालवणे, उड्या मारणे, गाड्या पळवणे यांतले काही इथे नसते. पडद्यावर एक खोली दिसते. माउसने दारावर क्लिक केले की पात्र चालत दारापाशी जाते. टेबलावरच्या वस्तूवर बाण नेला की तिचे नाव उमटते. मग ती पाहायची, वापरायची की उचलायची ते ठरवायचे. उचललेल्या वस्तू एका पोतडीत जमा होतात आणि पुढे कधीतरी भलत्याच ठिकाणी उपयोगी पडतात. माणसावर क्लिक केले की संवाद सुरू होतो आणि काय विचारायचे याचे तीन-चार पर्याय समोर येतात. कोडे सुटले की नवे दार उघडते, दार उघडले की गोष्ट पुढे सरकते. एवढाच खेळ. ज्याला रहस्यकथा वाचताना मध्येच थांबून ‘आता त्या कपाटात काय असेल’ असा विचार करायची सवय आहे, त्याला हा प्रकार शिकवावा लागत नाही.

या घराण्याचा उगम अमेरिकेतला. १९८० साली केन आणि रॉबर्टा विल्यम्स या जोडप्याने ‘ॲपल टू’ संगणकासाठी ‘मिस्टरी हाउस’ काढला. त्याआधीचे साहसी गेम निव्वळ मजकुराचे असत. यात पहिल्यांदा खोल्यांची रेघांनी काढलेली चित्रे दिसू लागली. गोष्ट जुनीच: एक बंद वाडा, आत अडकलेली काही माणसे आणि त्यांतली एकेक मारली जात असते. म्हणजे भीती या प्रकाराच्या बाळगुटीतच होती. त्या काळात हुकूम टाइप करावे लागत, ‘दार उघड’, ‘दिवा घे’ असे दोन शब्दांत. संगणकाला नेमका कोणता शब्द कळतो हे शोधण्यातच निम्मा वेळ जाई. ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर माउस घरोघरी पोचला तसे टाइप करण्याऐवजी दाखवण्याची पद्धत आली. १९८७ साली रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी लुकासफिल्म गेम्ससाठी केलेल्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’ने क्रियापदांची यादीच पडद्याच्या खालच्या भागात मांडली. ‘उघड’, ‘ढकल’, ‘दे’ यांवर क्लिक करायचे, मग वस्तूवर. त्या गेमसाठी लिहिलेल्या ‘स्कम’ नावाच्या प्रणालीवर त्या कंपनीने पुढची दहा वर्षे काढली. पुन्हा योगायोग असा की ‘मॅनिअॅक मॅन्शन’सुद्धा एका भुताळी वाड्याचीच गोष्ट आहे, भले ती विनोदी असो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या धंद्याला ओहोटी लागली. त्रिमितीय चित्रे आणि हाणामारीचे गेम खपू लागले, आणि चित्रकार, लेखक, आवाज देणारे कलाकार यांचा खर्च करून काढलेले ॲडव्हेंचर गेम दुकानात पडून राहू लागले. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. पण हे गेम खेळून मोठी झालेली पिढी तिथेच होती, आणि तिला आता स्वतः गेम करायचे होते. अडचण एकच: प्रत्येकाने मुळापासून प्रोग्रॅम लिहायचा म्हटले तर आयुष्य त्यातच जाणार.

ती अडचण ख्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरने सोडवली. १९९७ साली त्याने एक साधन बनवले, त्याचेच पुढे नाव झाले ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’, थोडक्यात एजीएस. हे साधन फुकट होते. चालणे, बोलणे, पोतडी, संवादाचे पर्याय, गेम मध्येच साठवून ठेवणे ही सगळी यंत्रणा त्यात आयती मिळे. करणाऱ्याने चित्रे, गोष्ट आणि कोडी आणायची. ‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’ याच साधनावर झाला, आणि क्रोशॉने हौसेने केलेले आधीचे काही गेमही.

एजीएसमध्ये एक खोली कशी तयार होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. खेळणाऱ्याला चित्र एकच दिसते, पण खोलीला चित्रे चार-पाच असतात. पहिले दिसणारे: भिंती, दार, टेबल, दिवा. त्याच मापाचे दुसरे चित्र कधीच दिसत नाही. त्यात दाराच्या जागी एक रंग फासलेला असतो, टेबलाच्या जागी दुसरा, दिव्याच्या जागी तिसरा. माउसचा बाण हलतो तसा प्रोग्रॅम या अदृश्य चित्रातला रंग वाचतो आणि बाण कशावर आहे ते ओळखतो. तिसऱ्या चित्रात जमिनीचा जेवढा भाग रंगवला तेवढ्यावरच पात्राला पाऊल टाकता येते. चौथ्यात टेबलासारख्या वस्तूंच्या आकृत्या असतात, म्हणजे पात्र टेबलाच्या मागे गेले की त्याचे पाय झाकले जातात आणि सपाट चित्राला खोली आल्यासारखे वाटते. एकेका रंगाला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक एका ओळीच्या हुकुमाने चालू-बंद करता येतो. भयकथेसाठी हे फार सोयीचे. काल ज्या बोळातून चालता येत होते तिथे आज पाऊल पडत नाही. काल ज्या कपाटावर बाण नेल्यावर काही उमटत नव्हते तिथे आज नाव उमटते. चित्रात एक ठिपकाही बदललेला नसतो.

‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’चा पडदा रुंदीला जेमतेम ३२० ठिपक्यांचा. आजच्या साध्या मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या कितीतरी पट ठिपके असतात. एवढ्यात माणसाचा चेहरा म्हणजे कातडीच्या रंगाचे दहा-बारा चौकोन. डोळे, तोंड, हावभाव बहुतेक खेळणाऱ्यानेच मनात भरायचे. दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या गेममध्ये हा दोष ठरला असता, इथे तो पथ्यावर पडतो. बोळाच्या टोकाला उभी असलेली आकृती स्पष्ट दिसली की तिचे भय अर्धे उरते. आठ ठिपक्यांची असली की ती कोण आहे हे कळायला जवळ जावे लागते, आणि जवळ जाणे हेच नको असते.

पेटीत काय आहे हे समजायला एक गेम मागे जावे लागते. ‘फाइव्ह डेज अ स्ट्रेंजर’ २००३ सालचा, गोष्ट १९९३ सालातली. ट्रिलबी नावाचा सफाईदार चोर डीफो घराण्याच्या ओस पडलेल्या वाड्यात खिडकीतून शिरतो आणि परत फिरायला जातो तर खिडकी उघडत नाही. वाड्यात त्याच्यासारखीच अडकलेली आणखी काही माणसे आहेत, आणि वेल्डिंगचा मुखवटा व एप्रन घातलेले कोणीतरी त्यांना एकेक करून मारत आहे. या सगळ्याच्या मुळाशी जॉन डीफो नावाच्या मुलाची शोकांतिका. जन्मतः विद्रूप म्हणून बापाने त्याला जगापासून लपवून एका खोलीत कोंडून ठेवले होते, आणि त्याच्या जुळ्या भावाला मात्र घराण्याचा वारस म्हणून वाढवले. कोंडलेल्या मुलाने एक दिवस मॅचेटी, म्हणजे रुंद पात्याचा कोयता, उचलला. त्याचा आत्मा वाड्यात राहिला आणि वाड्यात येणाऱ्यांच्या शरीरात शिरून तेच काम पुन्हा पुन्हा करत राहिला. नारायण धारपांच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या मराठी वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही: पिढीजात पाप, बंद खोली आणि आत कोंडलेल्या वस्तूला बाहेरच्या माणसाची लागणारी चाहूल.

दुसऱ्या गेमने तो आत्मा उचलला आणि ३९२ वर्षे पुढे, अंतराळात नेऊन सोडला. ही उडी वरवर पाहता आचरट आहे. वाड्यातले भूत यानात काय करणार? पण गोष्टीची मांडणी पाहिली तर वाडा आणि यान यांत फरक थोडाच आहे. दोन्हीकडे माणसे मोजकी, बाहेर पडायला वाट नाही, आणि मदतीला कोणी येणार नाही. यानात तर खिडकी फोडून पळण्याची कल्पनाही करता येत नाही. रिडली स्कॉटच्या १९७९ सालच्या ‘एलियन’ चित्रपटाने हे आधीच सिद्ध केले होते: तो भुताळी वाड्याचाच चित्रपट, वाडा फक्त लोखंडी होता. क्रोशॉने उलट दिशेने त्याच जागी येऊन पोचल्यासारखे केले. त्याच्या यानात परग्रहावरचा प्राणी नाही. सात पिढ्यांहून जुने, पृथ्वीवरचे, माणसानेच माणसावर केलेल्या अन्यायातून आलेले काहीतरी आहे.

नावातला ‘स्केप्टिक’ म्हणजे शंका घेणारा, सहजासहजी विश्वास न ठेवणारा. २३८५ सालच्या माणसांकडे भूत या कल्पनेला जागा नाही. पहिला माणूस मरतो तेव्हा संशय जातो तो जिवंत माणसांवर, कारण शास्त्रीय बुद्धीला तेच पटते. सॉमरसेटसारख्या मानसतज्ज्ञाला तर कोणी ‘मला काहीतरी दिसले’ म्हटले की निदानच सुचणार. खेळणाऱ्याने पहिला गेम खेळलेला असला तर त्याला मुखवट्यामागे काय आहे ते ठाऊक असते, आणि पडद्यावरची सहाही माणसे चुकीच्या दिशेने पळताना पाहत बसावे लागते. पहिला गेम खेळलेला नसला तर तोही त्यांच्याबरोबर चुकीच्याच दिशेने पळतो. दोन्ही प्रकारे गोष्ट चालते, ही या लेखनातली सर्वांत हुशार बाब.

गोष्ट दिवसांत वाटलेली आहे, आणि ही वाटणी कामाची ठरते. पहिले एक-दोन दिवस संथ. माणसांची ओळख, यानाची ओळख, किरकोळ कामे. कोणती खोली कुठे आहे, कोण कोणावर वैतागलेला आहे, कोणाला झोप लागत नाही हे कळत जाते. रात्र झाली की सॉमरसेट झोपायला जातो आणि दिवस संपतो. सकाळी यान तेच असते, पण त्यात एखादी गोष्ट कमी झालेली किंवा वाढलेली असते. खोल्या थोड्या असल्यामुळे खेळणाऱ्याला त्या तोंडपाठ होतात, आणि म्हणूनच एखादा बदल अंगावर येतो. घराची घडी माहीत असलेल्या माणसालाच रात्री उघडे राहिलेले कपाट खटकते. मोठमोठ्या गेममधल्या शेकडो खोल्यांना हे साधत नाही. क्रोशॉला जास्त खोल्या रंगवणे परवडणारे नव्हते, ही गोष्ट गेमला किती लाभली हे अशा जागी दिसते.

पॉइंट-अँड-क्लिकमध्ये भीती निर्माण करणे मुळात अवघड आहे. या प्रकारात घाई नसते. खेळणारा उठून चहा करून आला तरी पडद्यावरचे पात्र तसेच उभे असते, भूतही तसेच. जिथे वाट पाहता येते तिथे धाक कसा बसणार? यावर दोन उतारे वापरले जातात. पहिला सरळ: काही प्रसंगांत घड्याळ लावायचे. ‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’च्या उत्तरार्धात मुखवटेवाली आकृती खरोखर मागे लागते, वेळेत योग्य जागी क्लिक झाले नाही तर सॉमरसेट मरतो आणि साठवून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हा उतारा पहिल्या वेळी चालतो. तोच प्रसंग चौथ्यांदा खेळताना भीतीच्या जागी चिडचिड येते. माउसने चालणारे पात्र मुळात पळापळीसाठी घडवलेले नसते, त्यामुळे ते नको तेव्हा टेबलाला वळसा घालत बसते. गेमचा हा भाग त्याच्या चाहत्यांनाही जड गेला.

दुसरा उतारा अधिक खोल आहे, आणि तो या प्रकाराच्या स्वभावातच आहे. सिनेमात पात्र दार उघडते तेव्हा प्रेक्षक ‘नको, नको’ म्हणत बसलेला असतो. दोष त्याच्याकडे येत नाही. इथे दार उघडायला बाण स्वतःच्या हाताने दारावर न्यावा लागतो आणि बटण स्वतःच दाबावे लागते. त्यातही आधी ‘पाहा’ म्हटल्यावर एक वाक्य येते: दार बंद आहे, आतून काही आवाज नाही. मग ‘उघड’. या दोन क्लिकच्या मधला जो सेकंद, तो गेम करणाऱ्याने लिहिलेला नसतो. गोष्ट पुढे न्यायची तर दार उघडण्याला पर्याय नाही, हे खेळणाऱ्याला पक्के माहीत असते, आणि तरी हात थबकतो. हा प्रकार फुकट गेमला कोट्यवधींच्या गेमइतकाच साधतो, कारण त्याला चित्रांचा खर्च लागत नाही.

दोष आहेत. कोडी सगळी सारखी सरस नाहीत. काही ठिकाणी गेम करणाऱ्याच्या डोक्यात काय होते ते ओळखण्यापलीकडे इलाज उरत नाही. पडद्यावर एवढ्याशा दिसणाऱ्या वस्तू हुडकत बाण इंच इंच फिरवण्याचा या प्रकाराचा जुना ताप इथेही आहे. यानावरची माणसे संकटात जी बेफिकिरी दाखवतात तिचे समर्थन करणे कठीण. एकटे जाऊ नये हे त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवे होते. शेवटाबद्दल मात्र तक्रार करता येत नाही. खेळणारा आठवडाभर ज्याच्या डोळ्यांनी सगळे पाहत आला त्याच्याविषयीच एक गोष्ट शेवटी उलगडते आणि आधीच्या संवादांना वेगळाच अर्थ येतो. ती इथे सांगून कोणाचा रस घालवण्यात अर्थ नाही.

मालिका पुढे चार गेमची झाली. २००६ सालच्या ‘ट्रिलबीज नोट्स’मध्ये क्रोशॉने माउस बाजूला ठेवून चक्क टाइप करण्याची जुनी पद्धत परत आणली, गोष्ट १९९७ सालातल्या वेल्समधल्या एका हॉटेलातली. २००७ सालचा ‘सिक्स डेज अ सॅक्रिफाइस’ २१८९ सालात घडतो, म्हणजे प्रकाशनाने चौथा पण काळाने तिसरा. नावांतले पाच, सहा, सात हे आकडे काळाच्या क्रमाने नीट लागतात. त्या दोन गेमनी सगळ्याला एकत्र बांधणारी एक मोठी पुराणकथा उभी केली. ती काहींना आवडते, काहींना वाटते की कोंडलेल्या मुलाची साधी गोष्ट त्या पसाऱ्यात बुजून गेली. दुसरे मत चुकीचे म्हणता येणार नाही.

‘फुकट’ या शब्दाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची गल्लत होते. क्रोशॉचा गेम ‘फ्रीवेअर’ आहे: पैसे न देता खेळता येतो, पण त्याचे हक्क करणाऱ्याकडेच राहतात. ‘मिस्टरी हाउस’चे तसे नाही, तो १९८७ साली त्याच्या मालकांनी सार्वजनिक करून टाकला, म्हणजे त्याच्यावर आता कोणाचाच हक्क नाही. तिसरा प्रकार खुल्या स्रोताचा, ज्यात प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच उघड केलेला असतो आणि कोणीही तो सुधारू शकतो. एजीएस सुरुवातीला नुसते फुकट होते. ख्रिस जोन्सने २०१० आणि २०११ साली त्याचा मूळ मजकूर खुला केला, आणि तेव्हापासून ते अनेक स्वयंसेवकांच्या हातांनी वाढत आले आहे. फुकट गेमसाठी घडलेल्या या साधनावर नंतर विकाऊ गेमही झाले. ‘जेमिनाय रू’ (२०११) आणि ‘प्रायमॉर्डिया’ (२०१२) हे दोन्ही विज्ञानकथांचे गेम एजीएसवरचेच, आणि पैसे देऊन घ्यायचे.

मुळात विकलेले आणि नंतर मोफत झालेलेही काही आहेत. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘बिनीथ अ स्टील स्काय’. ब्रिटनमधल्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने तो १९९४ साली काढला. चित्रांच्या मागे ‘वॉचमेन’ या कॉमिकचे चित्रकार डेव्ह गिबन्स होते. गोष्ट भविष्यातल्या ऑस्ट्रेलियातली. एका संगणकाच्या ताब्यात गेलेले शहर, आणि त्यात जबरदस्तीने आणलेला रॉबर्ट फॉस्टर. २००३ साली कंपनीने तो फुकट करून टाकला. त्यात विनोदाचा भाग मोठा आहे, पण शहराच्या तळाशी उतरत गेले की तो विनोद पातळ होत जातो. हा गेम आजही सहज चालतो याचे श्रेय ‘स्कमव्हीएम’ या प्रकल्पाला. २००१ साली काही प्रोग्रॅमरनी ‘स्कम’ प्रणालीचे जुने गेम नव्या संगणकांवर चालावेत म्हणून तो सुरू केला. पुढे एकेक करून इतर प्रणालींचे गेमही त्यात येत गेले. ‘बिनीथ अ स्टील स्काय’चा मूळ मजकूर कंपनीने या मंडळींच्या स्वाधीन केला होता.

हौशी फुकट गेम आणि व्यावसायिक फुकट गेम यांतले अंतर पाहायचे असेल तर ‘केन’ समोर ठेवावा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रिस्टोफर आणि निकोलस बिशॉफ या भावांच्या ‘द ब्रदरहुड’ या छोट्या कंपनीने तो जानेवारी २०१७ मध्ये मोफत दिला. त्याआधी त्यांनी ‘स्टेसिस’ हा गेम केला होता. त्यात नेपच्यूनजवळच्या ‘ग्रूमलेक’ यानावर जाग आलेला बाप आपल्या बायकोला आणि मुलीला शोधत फिरतो. त्यासाठी २०१३ साली लोकवर्गणीतून सुमारे १ लाख ३२ हजार डॉलर उभे राहिले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो बाजारात आला. ‘केन’ त्याच जगातली वेगळी गोष्ट. हॅडली नावाची, दिवस भरलेली बाई एका अनोळखी इमारतीत शुद्धीवर येते आणि तिथल्या कोणाला तरी तिचे मूल हवे आहे एवढे तिला कळते.

‘केन’मध्ये काही ठिपक्यांचे नाही. खोल्या वरून तिरक्या कोनातून दिसतात, गंज, रक्त, तुटलेल्या नळ्या, काचेच्या टाक्या सगळे बारकाईने रंगवलेले. पात्रांना खरे आवाज आहेत. इथे कल्पनेवर सोडलेले फार थोडे, आणि म्हणून भीतीपेक्षा किळस अधिक येते. कोवळ्या मनाच्या माणसाने आणि मुलांनी यापासून दूर राहिलेले बरे. पण गोष्ट सांगण्याची रीत क्रोशॉच्या जवळची आहे. इमारतीत जिवंत माणसे जवळजवळ नाहीत. मेलेल्यांच्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या जिथे-तिथे पडलेल्या आहेत. त्या वाचताना कचेरीतले हेवेदावे, वरिष्ठांची मर्जी, बढतीची आशा असे अगदी रोजचे विषय येतात, आणि त्यांच्या मधूनमधून प्रयोगांच्या नोंदी. यातले खरे भय राक्षसांचे नसून त्या नोंदी ज्या शांत, कारकुनी भाषेत लिहिल्या आहेत तिचे आहे. पळता न येणे हा या प्रकारातला जुना त्रास ‘केन’ने नायिका निवडूनच मिटवला. नववा महिना लागलेली बाई सावकाश चालते यात कोणाला नवल वाटत नाही.

एखादी कंपनी एवढे काम फुकट का देते याला व्यवहारी उत्तर आहे. ‘केन’ खेळलेला माणूस ‘स्टेसिस’ विकत घेण्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या गेमसाठी पुन्हा लोकांकडे वर्गणी मागायची असते तेव्हा आधी काहीतरी देऊन ठेवलेले उपयोगी पडते. या भावांनी पुढे ‘ब्यूटिफुल डेसोलेशन’ (२०२०) आणि ‘स्टेसिस: बोन टोटेम’ (२०२३) हे गेम काढले. क्रोशॉला २००४ साली असा हिशेब नव्हता. त्याला गोष्ट सांगायची होती आणि साधन फुकट मिळाले होते. तरी हिशेब शेवटी जुळलाच: त्या गेमनी मिळवून दिलेले नाव पुढे त्याच्या परीक्षणांना आणि कादंबऱ्यांना कामी आले.

२००४ सालच्या विंडोजसाठी केलेला गेम आजच्या संगणकावर चालेलच असे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्कमव्हीएम’च्या २.५ आवृत्तीने एजीएसचे गेम चालवायला सुरुवात केली आणि हा प्रश्न बराचसा सुटला. ‘स्कमव्हीएम’ अँड्रॉइडवरही चालत असल्यामुळे असे गेम आता मोबाइलवर उतरवून घेता येतात. तिथे एक नवीच गंमत होते. माउसचा बाण वस्तूवर नुसता नेता येत होता, क्लिक न करता. नाव वाचून मागे फिरण्याची मुभा होती. बोटाला ती सवय नाही. पडद्याला टेकलेले बोट हे बहुतेकदा क्लिकच ठरते. शिवाय ३२० ठिपक्यांच्या त्या चित्रात बोळाच्या टोकाशी काय उभे आहे ते पाहायला जावे, तर नेमकी तीच जागा अंगठ्याखाली झाकलेली असते.